दोन्हीकडं इंचभर माया

३ डिसेंबर १९९४

मशीन आलं. पायमशीन, जुनंच आहे पण चाक हलकं. ह्यांनी जुन्नरहून टेम्पोत बांधून आणलं. पडवीत उजेडाच्या बाजूला ठेवलं. आत्याबाईंनी हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि लगेच स्वतःचं खणाचं कापड पुढं केलं. "सासूची चोळी आदी." पण पहिला ब्लाऊज आक्काचा. थोरली जाऊ, मान तिचा. आणि मला शिवणक्लासला पाठवा म्हणून भावजींपुढं तीच बोलली होती. "घरात येक तरी बाई कायतरी शिकंल की." एरवी भावजींपुढं कोण बोलतंय! हे विसरायचं नाही म्हणून वही घातली. पुढून मापं, मागून हे.

आक्का: छा. ३४, कं. २८, दंड १०॥.

४ डिसेंबर

क्लासच्या बाईंनी सांगितल्याप्रमाणं शिवणीच्या आत दोन्हीकडं इंचभर जादा कापड सोडलं. आक्कानं ब्लाऊज उलटा करून बघितला.
"आत येवढं कापड कशाला गं?"
म्हटलं, "माया म्हणतात त्याला. अंगानं भरलात की शिवण उसवायची, सैल होतो."
"मग ठिव बाई. माज्यावरची माया कमी नको करू."
हसून हसून पुरेवाट. आत्याबाईंना वाटलं त्यांच्या चोळीला हसतोय.

१४ जानेवारी १९९५

संक्रांत. तिळगुळाला म्हणून आल्या त्या मशीन बघायलाच आल्या. सात कापडं ठेवून गेल्या. प्रत्येकीला चहा. गिऱ्हाइकाला एकटीला चहा पाजणं बरं दिसत नाही, म्हणून प्रत्येकीबरोबर मलाही. आज नऊ कप झाले. आक्का म्हणाली, "तू चा पी, सैपाकाचं मी बगते." ही बाई आहे म्हणून माझं चाललंय.

९ जून १९९६

लग्नसराई उरकली, आज निवांत. वही मागं चाळली तर गंमतच. दीड वर्षात वहीतली प्रत्येक बाई फुगलीय. आक्का ३४ ची ३६. कासारीण ३८ ची ४०. मी स्वतः ३३ ची ३६, आणि मला पत्ताच नाही. निम्म्या बायांच्या शिवणी उसवून सैल करून दिल्या. माया सोडली होती म्हणून, नाहीतर सगळीच कापडं वाया.

आत्याबाईंचं म्हणणं, "नळ आळीत आला अन् बाया गोल झाल्या. आमी नदीवरून दोन-दोन हंडे आनायचो. आता तोटी पिरगाळली की झालं." खोटं नाही. नळ आला, गॅस आला, कॅनॉलचं पाणी आल्यापासून दोन वेळ पोटभर आहे, आणि दुपारी दोन तास टीव्हीपुढं सगळी आळी. त्यात घरातलं उरलंसुरलं आम्हीच संपवायचं, टाकवत नाही.

पण मला वाईट नाही वाटत. माझ्या आईचे दंड मनगटाएवढे होते. ती भरलेली दिसली असती तर मी शिवणी उसवत बसले असते आनंदानं.

२२ मार्च १९९८

वेगळे झालो. भांडण नाही, रडारड नाही. मधे पडदी घातली, तिकडं एक दार पाडलं. आत्याबाई एक महिना त्यांच्यात, एक महिना आमच्यात. आक्कानं स्वतःच्या हातानं माझ्या नव्या चुलीवर पहिलं दूध उतू घातलं. गॅस आहे तरी चूल मांडलीच, तिचा हट्ट.

११ मे १९९८

आजच्या आज लिहून ठेवते.

आक्कानं दोन दिवस टोमॅटो तोडायला ये म्हणून निरोप धाडला होता. मला जमलं नाही. लग्नाचे बावीस ब्लाऊज अंगावर, नवरीचे पाच. तिची एकटीची फरपट झाली असेल, मान्य. पण म्हणून नळावर, चार बायांच्या देखत? "तिला कुटलं जमतंय! मशीनवर बसून बसून गोनी झालीया नुसती. गोनी काय टमाटं तोडती?"

बाया हसल्या. मी भरलेला हंडा तिथंच ठेवून आले.

गोणी. मी.

आता आक्का लिहायचं नाही. थोरल्या बाई.

१३ मे

थोरल्या बाईंचे दोन ब्लाऊज आधीपासून पडले होते. त्यांच्या माहेरच्या लग्नाचे. शिवले. बरोबर मापाला कापले, वहीतल्या ३६ ला. सूतभर माया सोडली नाही. आत शिवणीला लागून कापड कातरून टाकलं. चिंध्या चुलीत.

शिवताना फार बरं वाटलं. लिहिताना तेवढं नाही.

५ नोव्हेंबर १९९८

आत्याबाई पाळी बदलून आमच्यात आल्या. गाठोड्यात थोरल्यांची दोन कापडं, वर मापाचा ब्लाऊज. सहा महिने बोलणं नाही पण कापड मात्र येतं. दुसरी शिलाईवाली आळेफाट्याला आहे, तिकडं जात नाहीत. मीपण नाही म्हणत नाही. घराण्याची अब्रू असं आम्ही दोघी म्हणत असू.

"काखेत काचतंय म्हनती गं मागलं," आ.बा. म्हणाल्या.
"काचू दे."
त्यांनी ऐकलं नाही असं धरून चालते.

मापाला धाडलाय तो ९६ सालचा. बाई आता ३७ च्या तरी असतील, पडदीवरून दिसतंय मला. तरी मापाबरहुकूम ३६. माप तुमचं, शिलाई माझी. माया नाही.

२ ऑगस्ट १९९९

आ.बां.नी मिश्री सोडली. दाढ काढली तेव्हा डॉक्टरनं दम दिला. चाळीस वर्षांची मिश्री, आठ दिवसांत बंद. बाई खमकी. पण आता तोंडाला काहीतरी लागतं. शेंगदाणे, गूळ, भाकरीचा पापुद्रा, परत शेंगदाणे. चोळीची गाठ मारताना दम लागतो.

म्हटलं, "आत्याबाई, माप घेऊ का नवीन?"
"आमच्या चोळीला माप नसतंय. बाई वाढली की गाठ बारकी व्हती, वाळली की मोटी. गाठीला समदं कळतं. तुमच्या हुकांला काय कळतंय?"

बसल्या बसल्या टोला देऊन गेल्या की सहज बोलल्या, त्यांचं त्यांना ठाऊक.

१७ फेब्रुवारी २०००

दोरे-अस्तर आणायला जुन्नरला. स्टँडवर ते दिव्यांचं वजनाचं यंत्र आहे, त्यावर उभी राहिले. खाटकन कार्ड पडलं. ७१ किलो. मागं भविष्य: "आपण मनमिळाऊ आहात. जुने संबंध टिकवाल."

यंत्राला कुणीतरी आमच्या पिंपळवंडीच्या नळावर आणलं पाहिजे.

घरी येऊन स्वतःला टेप लावली. छा. ४०. गोणी म्हणाल्या ते खोटं नव्हतं, हेच तर झोंबतंय. सकाळी दहापासून सहापर्यंत बूड हलत नाही. दळण ह्यांच्या गाडीवर जातं. शेवटचं शेतात चालत कधी गेले, आठवावं लागतंय.

२१ जानेवारी २००१

भावकीतलं लग्न. थोरल्या बाई दिसल्या. केवढ्या बारीक झाल्यात! बाया मागं लागल्या होत्या, "काय खाती गं? आमालाबी सांग." कुणी म्हणालं, पोरीसारखी दिसती. त्या गालात हसत होत्या. मी वाढपाच्या रांगेत उभी, काखेत घाम, हुक तुटायला आलेले.

देवा, जळफळाट झाला. लिहिते म्हणजे निघून जाईल.

८ मार्च २००१

थोरल्यांचं कापड आलं, मापाला माझाच ९८ चा ब्लाऊज. उलटा केला. दोन्ही बाजूंनी हातानं टाके घालून आत घेतलाय. मोठे मोठे टाके, काळ्या दोऱ्यानं, निळ्या कापडावर. त्यांच्या हाताला शिवण कधीच नव्हती.

त्या टाक्यांवरून मोजलं. ३४. म्हणजे पुन्हा पहिल्या ब्लाऊजच्या मापावर. छान. शिवून दिला.

१९ ऑक्टोबर २००१

परत कापड, परत मापाला तोच निळा. आता टाक्यांच्या आत टाक्यांची दुसरी ओळ. त्याच्या आत तिसरी. तिसरी तर कालपरवाची, दोरा अजून काळाकुळकुळीत.

मोजलं. दोनदा मोजलं. ३१ आणि थोडं.

बेचाळीस वर्षांची बाई ३१ कशी होईल? बारा वर्षांच्या पोरींची मापं आहेत ही. वहीत लिहीना हात.

आ.बां.ना विचारलं. "जेवते की. लई जेवते अलीकडं. पानी तर तांब्यावर तांबे. तरी वाळत चाललीय. म्हनती उपासाचा गुन." मग शेंगदाणे सोलता सोलता म्हणाल्या, "न्हानीत मुंग्या लई व्हत्यात त्यांच्यात. चा सांडत्यात वाटतं कोनीतरी."

मुंग्या.

२० ऑक्टोबर

सकाळी कासारीण आली, ब्लाऊज न्यायला. न विचारता म्हणाली, "तुमच्या थोरलीला दोन-आठच्या बांगड्या भरायचे मी, साबन लावून. परवा दोन-चारच्या घातल्या, साबनाबिगर. हात खाली केला तर निसटून पडल्या. मला न्हाई बरं वाटलं, म्हनून सांगितलं."

टेप गळ्यात होती तशीच उठले. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा त्यांच्या दारात. पडदीच्या पलीकडं जायला मला वीस पावलं लागली. मोजली.

आक्का ओट्यावर बसलेली. (आक्का. लिहून गेले. राहू दे.) मला बघून उठली नाही, उठवलं नाही बहुतेक. म्हटलं, "माप घ्यायचंय. धाडलेल्या मापावर माझा भरवसा नाही."
"घे."
हात वर केले तिनं. टेप फिरवली तर बरगड्या लागल्या बोटांना. ३१. दंड ८. तेवढ्या वेळात तांब्याभर पाणी प्यायली, परत मागितलं. पायाच्या बोटाला चिंधी बांधलेली, म्हणे खुरपं लागलं होतं, दोन महिने झाले.

मग ती म्हणाली ते जसंच्या तसं लिहिते. "तुला गोनी म्हनले आन माजेच ब्लाऊज काचायला लागले. दर वेळी नवा ब्लाऊज आनला की काचायचा. म्हनलं देवानं दावलं, आता तूच गोनी झाली. तवापासनं येक वेळ जेवत व्हते, दोन वार उपास. दोन वर्सं कायबी फरक न्हाई. आन मग अशी उतरले बघ! देव पावला."

मी टेप गुंडाळत राहिले. काय सांगू, की तू जाड नव्हती झालीस, ब्लाऊजच घट्ट होते, आणि ते मी केले होते? म्हणून तर वाळायला लागली तेव्हा तिला आजार वाटला नाही, गुण वाटला.

उद्या नारायणगावला न्यायची. ह्यांना सांगितलंय, भाड्याची जीप सांगा. नाही म्हणाली तर उचलून.

२१ ऑक्टोबर

नारायणगाव. डॉक्टरांनी बोट टोचलं, रक्त बघितलं, परत बघितलं. साखर. पावणेचारशे. "अजून महिनाभर घरी ठेवली असती तर मग माझ्या हातात राहिलं नसतं. कुणाच्या लक्षात आलं?"
आक्कानं माझ्याकडं बोट केलं. "हिच्या. शिलाईवाली हाय."
डॉक्टर म्हणाले, "टेपनं वाचवलं म्हणा तुम्हाला."

मला तिथं जमिनीनं गिळलं असतं तर बरं.

मग माझ्याकडं वळले. वजन करा. ७६. रक्त तपासलं. साखर झालेली नाही, पण उंबऱ्यावर आहे म्हणाले. किती चहा? मी खरं सांगितलं, दहा-बारा. साखरेचे? हो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "दोघी घराबाहेर पडा. रोज तासभर चालायचं. काही काम न करता, नुसतं चालायचं."

जीपमध्ये आक्का माझ्या खांद्यावर झोपली. तिचं डोकं किती हलकं झालंय. देवाचे आभार मानते, डॉक्टरांचे, कासारणीचे, न्हाणीतल्या मुंग्यांचेसुद्धा, लघवीतली साखर त्यांना आधी कळली.

१२ नोव्हेंबर २००१

नुसतं चालायचं. बोलायला सोपं आहे. आमच्याकडं बाई बिनकामाची रस्त्यानं चालते म्हणजे काय! लाज वाटते म्हणून आक्कानं हातात विळा घेतला, मी रिकामी पाटी. पहाटे जायचं नाही, उसात बिबट्या आहे, परवाच कुणाचं तरी वासरू नेलं. म्हणून चार वाजता, डांबरी रस्त्यानं.

पहिला दिवस: एस.टी. आपणहून थांबली. "चला मावशी, आळेफाटा." नको म्हटलं तर ड्रायव्हर रागावला.
दुसरा दिवस: दोन मोटरसायकली थांबल्या. "म्हस हरवली का?"
तिसरा दिवस: शेजारची धावत आली. "कोन गेलं गं? कुनाकडं निगालाय?"
आज पाचवा. येडगावच्या बाजूला धरणाचं पाणी दिसतं तिथवर गेलो. आक्का दगडावर बसली आणि म्हणाली, "पंचवीस वर्सं झाली लगीन हून. ह्या रस्त्यानं रिकाम्या हातानं पयल्यांदा आले." हातात विळा होता तिच्या.

४ जानेवारी २००२

आता कासारीण पण येते. विळा-पाटी सुटली. एस.टी.चा ड्रायव्हर नुसता हॉर्न देऊन जातो. माझा चहा तीन कपांवर, बिनसाखरेचा, औषध प्यावं तसा पिते. गिऱ्हाइकाला एकटीलाच पाजते, दिसू दे कसं दिसायचं ते.

आक्काची गोळी चालू. बोट भरलं. छा. ३२॥. प्रत्येक अर्ध्या इंचाला माझा जीव भांड्यात पडतो.

पण सांगितलं नाहीये अजून. रोज तासभर शेजारून चालते, आणि सांगत नाही.

३० जून २००२

आक्का ३५. गालावर मांस आलं. आ.बा. दृष्ट काढतात दर अमावस्येला, मीठमोहऱ्या घेऊन. "वाळली व्हती तवा बाया वा वा म्हनत व्हत्या. त्यांचीच लागली व्हती."

१४ डिसेंबर २००२

आज ते झालं.

आक्का ३६ च्या वर गेली. जुने ब्लाऊज काढले तिनं, तिचे तिचे काळे टाके उसवले. तरी होईनात. मग म्हणाली असेल, माझी शिवणपण उसवावी, आत माया असेल. उसवली. तो निळा ब्लाऊज घेऊन पडवीत आली. मी मशीनवर.

"हे काय गं? आत कायच न्हाई. कातरलंय."

पाय पावटीवर तसाच राहिला माझा. म्हटलं, "नव्हती सोडली."
"इसरली?"
"नाही. रागात होते. गोणी म्हणालात त्याच्या. माप पण मुद्दाम कमी धरलं. तुम्ही जाड झाला नव्हता आक्का. ब्लाऊजच लहान होते. सगळे."

तिनं ब्लाऊज उलटा केला, सुलटा केला. मी म्हटलं, "उपास तुम्ही माझ्यामुळं केले. दवाखान्याला उशीर माझ्यामुळं झाला."
तिनं ब्लाऊजची घडी घातली, अगदी नीट, आणि गेली.

चालायला आली नाही.

१७ डिसेंबर

तीन दिवस. मी एकटी रस्त्यानं जाऊन आले. कासारणीनं विचारलं, थोरली कुठाय? म्हटलं, पाहुणे आलेत. ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "बरं झालं सांगितलंस." पुढं काय करू ते नाही सांगितलं.

१८ डिसेंबर

आ.बा. पाळी नसताना मधेच आल्या. काखेत कापड. हिरवं, टू बाय टू. मी बघत राहिले, गाठोड्यात मापाचा ब्लाऊज नव्हता.
"माप?"
"न्हाई दिलं. अंगावर घ्यायला ये म्हनती. आन म्हनती येताना हातात कात्री नको आनू, नुसती टेप आन."

वीस पावलं. ह्या वेळी मोजली नाहीत, धावले.

आक्कानं हात वर केले. टेप फिरवताना माझं नाक वाहत होतं, आकडा दिसेना. ती वरून म्हणाली, "मी चार बायांत बोलले. तू आतल्या आत शिवलं. फिटली का?"
"नाही फिटत, आक्का."
"मग ऱ्हाऊ दे न फिटलेली. छातीचं किती झालं ते सांग."
३६॥.

५ मार्च २००४

वजनाचं कार्ड, जुन्नर स्टँड. मी ६८, आक्का ५७. तिच्या कार्डामागं लिहिलंय, "परदेशगमनाचा योग." येताना एस.टी.त बसायला जागा असून दोघी उभ्या राहिलो. कंडक्टर म्हणाला, काय झालं मावशी? आक्का म्हणाली, "डागदरनं बसायची बंदी केलीया."

इतकं साधं वर्ष गेलं. काही घडलं नाही, म्हणून लिहिलं नाही. असंच जाऊ दे.

२६ ऑगस्ट २००४

आक्काच्या पायाला चप्पल लागली. तेच बोट. तिनं चार दिवस सांगितलं नाही, खुरपणी होती. आज चालताना लंगडली तेव्हा कळलं. मी रस्त्यात ओरडले तिच्यावर. लोक बघत होते, बघू दे. डॉक्टरांकडून ड्रेसिंग.

१९ सप्टेंबर

जखम भरेना. साखर परत वर. डॉक्टरांनी पुण्याला न्या म्हटलं. थोरल्यांचा मुलगा विलास तिकडं नोकरीला आहे, तो येऊन घेऊन गेला. गाडीत बसताना तिनं मला हाक मारली. मला वाटलं काही सांगायचं असेल. म्हणाली, "चार वाजता चालायला जा. मी न्हाई म्हनून बसून ऱ्हाशील."

गेले. धरणाच्या पाण्यापर्यंत, दगडापर्यंत. जाऊन आले.

१० ऑक्टोबर

दुकानातून पुण्याला फोन केला. बोट काढावं लागलं. पाय वाचला. विलासचं लग्न तुळशीच्या लग्नानंतर ठरलंय, तेवढ्यात आक्काला यायला मिळेल का, डॉक्टर सांगत नाहीत. आवाज बारीक होता तिचा. परत उतरलीय म्हणाला विलास, नीट जेवत नाही.

म्हटलं, "आक्का, वरमाईचा ब्लाऊज शिवायला घेते. माप काय धरू?"
म्हणाली, "तुज्या मनानं धर."

११ ऑक्टोबर २००४

मोरपंखी कापड आणलं. सकाळी कापायला बसले. खडू हातात, वही पुढं उघडलेली. तिच्या पानावर दहा वर्षांचे आकडे. ३४, ३६, ३६, ३६, ३४, ३१, ३२॥, ३५, ३६॥. पहिला ३६ खरा, पुढचे दोन खोटे आहेत, ते मी आज खोडले.

आ.बा. समोर बसून बघत होत्या. आता त्या मिश्रीपण मागत नाहीत आणि शेंगदाणेपण. "कितीचा कापतीस गं? ती काय व्हऊन यील, कुनाला ठावं."

३८ चा कापतेय म्हटलं. भरलेल्या अंगाची येईल असं धरून. आणि दोन्हीकडं इंचाच्या जागी दोन दोन इंच सोडले. कमी झाली असली तर आत घेईन. वाढली तर उसवीन.

शिवून झाला. हुक लावायचे राहिलेत. ते तिच्या अंगावर घालून, समोर उभी करून लावायचे.

चार वाजले. जाऊन येते.